सत्तावीस इंचांचा ओटा

लोकांची घरं विकून देणं हा माझा सव्वीस वर्षांचा धंदा आहे. गिऱ्हाईक कुठे परत फिरणार हे मला बहुतेक वेळा दारातच कळतं. बाथरूममध्ये गालिचा अंथरलेला दिसला की बायका आत पाऊल टाकत नाहीत. तळघरात ओलीचा वास आला की पुरुष एकदम गप्प होतात. जांभळ्या भिंती, छताला चिकटवलेले आरसे, जेवणाच्या टेबलावरून थेट दिसणारा संडास, कुत्र्याने खरवडलेली दारं... या सगळ्यावर माझ्याकडे औषध आहे. रंगाचे दोन डबे, एखादा सुतार, नाहीतर नुसतं गोड बोलणं. हेनी वीरेंगा यांच्या घरावर मात्र यातलं काहीही चाललं नाही.

आमच्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या उत्तरेला, चढावरच्या एका गल्लीत ते घर होतं. पिवळ्या विटांचं, नीटनेटकं. बाहेर गाडी थांबली की गिऱ्हाइकाचा चेहरा खुलायचा. दार उघडून आत गेलं की माणूस दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपडायला लागायचा. बटण असायचं त्याच्या मांडीपाशी. दारांच्या मुठी खाली. न्हाणीतला आरसा असा, की उभ्या माणसाला त्यात आपलं पोट दिसावं. कपाटातले कपडे टांगायचे दांडे कमरेला. आणि स्वयंपाकघरात पोचलं की लोक थांबून एकमेकांकडे बघायचे. ओटा जमिनीपासून सत्तावीस इंचांवर होता. या देशात कुठल्याही घरात जा, ओटा छत्तीस इंचांचाच असतो.

हेनीबाईंची उंची चार फूट एक इंच. जन्मापासून हाडंच तशी. आमच्या चर्चमध्ये लहानथोर सगळे त्यांना तांते हेनी म्हणत. आमच्या डच आजी-आजोबांनी इथे आणलेला हा शब्द. तांते म्हणजे मावशी. वय एकोणऐंशी, जीभ पंचविशीची. त्यांचा नवरा गेरिट दोन हिवाळ्यांपूर्वी गेला होता. मूलबाळ नव्हतं. गुडघे गेल्यामुळे जिना चढवेना, म्हणून तळ्याकाठच्या हॉलंड गावातली भाची मार्शा त्यांना आपल्याकडे बोलावत होती. तिच्याकडे तळमजल्यावर एक खोली रिकामी होती.

गेरिट मला चांगला आठवतो. सहा फूट तीन इंच उंच. चर्चच्या दारातून येताना सवयीने मान वाकवायचा, दार उंच असलं तरी. तो फर्निचरच्या कारखान्यात कपाटं करायचा आणि त्याच कारखान्यात हेनीबाई खुर्च्यांच्या गाद्या शिवायच्या. दोघांचं लग्न ठरलं तेव्हा कारखान्यातल्या लोकांनी त्यांना 'खांब आणि चिमणी' असं नाव ठेवलं. गेरिटला त्याचं काही वाटलं नाही. त्याला वाटलं ते हेनीच्या डाव्या हातावरच्या डागाचं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण होता. अकराव्या वर्षी आईच्या स्वयंपाकघरात दुधाच्या लाकडी खोक्यावर उभं राहून बटाटे उकडताना खोकं सरकलं होतं.

"मला म्हणाला, पायातले बूट काढ," तांते हेनींनी मला एकदा सांगितलं होतं. "मी म्हटलं, लग्नाआधी काय हे! तर म्हणाला, बूट काढ आणि कोपरात हात दुमड. खिशातून टेप काढली, कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलं आणि गेला. मला वाटलं, हा शवपेटी करतोय की काय!"

त्याने केलं ते हे स्वयंपाकघर. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर, वर्षभर खपून. सगळं मेपलच्या लाकडाचं. हेनीबाई जमिनीवर दोन्ही पाय टेकून स्वयंपाक करू लागल्या, आणि जेवणानंतरची भांडी गेरिटने स्वतःकडे घेतली. तीन पायांच्या स्टुलावर बसून तो रोज भांडी घासायचा. त्याचे गुडघे सिंकखालच्या दाराला घासून घासून तिथलं पॉलिश दोन जागी गेलं होतं. ती जागा मी पहिल्या दिवशी पाहिली आणि 'इथे पॉलिशचा हात फिरवून घ्यावा लागेल' असं वहीत लिहिलं. कशाचे डाग आहेत ते तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

एप्रिलमध्ये मी घर बाजारात आणलं. जूनपर्यंत एकवीस कुटुंबं येऊन गेली. किंमत दोनदा उतरवली. लोकांचे शेरे मी तांते हेनींना गाळून सांगायची. "थोडं वेगळं वाटलं म्हणाले," असं मी म्हटलं की त्या म्हणायच्या, "म्हणजे हसले."

जूनमधल्या एका रविवारी दुपारी घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवलं होतं. अशा वेळी मालकाने घरात थांबू नये असा आमचा रिवाज आहे. तांते हेनी चर्चमध्ये होत्या, पण त्यांना आणणारी शेजारीण लवकर निघाली आणि त्या ठरल्याआधी तासभर घरी आल्या. स्वयंपाकघरात तेव्हा एक तरुण जोडपं होतं. नवरा चांगला उंचापुरा, बास्केटबॉल खेळणारा असावा. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या तरी त्याची पाठ त्यांच्याकडेच होती.

"अगं, आपण चुकून बालवाडीत तर नाही ना आलो?" तो बायकोला म्हणाला.

"हळू बोल. कुणी ऐकेल."

"ऐकू दे की! इथे भांडी घासायची म्हणजे गुडघ्यावर बसून प्रार्थनाच करायची!" असं म्हणत तो खरोखरच सिंकवर वाकला आणि कमरेवर हात ठेवून कण्हला.

"बरोबर ओळखलंत," दारातून तांते हेनी म्हणाल्या. "माझे यजमान तुमच्याएवढेच होते. चाळीस वर्षं रोज रात्री केली त्यांनी ही प्रार्थना."

तो गर्रकन वळला. आधी समोर पाहिलं, मग खाली. कानापर्यंत लाल झाला. "माफ करा हं बाई, मला खरंच माहीत नव्हतं..."

"पाठ दुखली?"

"थोडी."

"किती वेळ झाला तुम्हाला इथे येऊन?"

"पाच मिनिटं झाली असतील."

"मला बाकीच्या जगात एकोणऐंशी वर्षं झाली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हणाल्या. "बसा. बदामाचं सारण भरलेली लांब पेस्ट्री केली आहे काल. उभ्याने खाऊ नका, छातीत अडकते."

आणि तो खरोखर बसला. दोन तुकडे खाल्ले, तिसरा रुमालात बांधून घेतला. जाताना त्याने तांते हेनींचा हात हातात घेतला आणि त्यासाठी एका गुडघ्यावर बसला. घर काही घेतलं नाही.

ते गेल्यावर मी ठरवलं की आता खरं बोलायचं. आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो.

"तांते, रागावू नका."

"रागावण्यासारखं अजून काही बोललीच नाहीस."

"हे स्वयंपाकघर असंच ठेवलं तर घर विकणार नाही. बटणं, मुठी, आरसे, ते सगळं लोक चालवून घेतील. ओटा नाही चालवून घेत. हा तोडून नवा करावा लागेल."

त्यांनी मान वळवून ओट्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या आयुष्यातली सगळ्यात देखणी वस्तू तोडा म्हणून सांगणं हे काही मी धंद्यात पडताना शिकले नव्हते.

"किती इंच हवेत लोकांना?" त्यांनी विचारलं.

"छत्तीस."

"म्हणजे नऊ कमी." त्यांनी सुस्कारा सोडला. "शिडी चढता येते ना तुला? चल गॅरेजमध्ये."

गॅरेजच्या छपराखाली आडव्या तुळयांवर कारखान्यातली जुनी घोंगडी गुंडाळून काहीतरी ठेवलेलं होतं. मी दोनदा त्या गॅरेजमध्ये गेले होते आणि दोन्ही वेळा 'अडगळ काढावी' असं लिहून आले होते. शिडीवर चढून मी एक गाठोडं सोडलं. आत मेपलच्या लाकडाची एक लांब, बुटकी पेटी होती. उंची नऊ इंच. पुढच्या बाजूला दोन खण, पितळी मुठींसकट. वर पेन्सिलने लिहिलं होतं: 'सिंक, डावी बाजू.' दुसऱ्यावर 'खिडकी.' तिसऱ्यावर 'चूल.' अशा सात पेट्या होत्या.

"ओटा केला तेव्हाच केल्यात त्याने," खालून तांते हेनी म्हणाल्या. "कपाटांच्या खाली सरकवायच्या. नळाच्या पाईपला एक वळसा जास्त ठेवलाय, वर उचलला तर पुरतो. भिंतीवरची कपाटं पट्टीवर नुसती टांगलेली आहेत, वरची दुसरी पट्टी रंगाखाली आहे. मला म्हणाला, हेनी, मी तुझ्याआधी जाईन, उंच माणसं लवकर जातात. तेव्हा तुला घर विकावं लागेल आणि लोकांना छत्तीसच हवे असतील."

मी शिडीवरूनच एक खण ओढून पाहिला.

"तुला काय वाटलं, मी त्याच्या गळ्यात पडले असेन?" त्या म्हणाल्या. "तीन दिवस बोलले नाही त्याच्याशी! अजून ओट्यावर पहिला बटाटा चिरला नव्हता आणि हा मोडायची तयारी करून मोकळा! मला वाटलं, याला हे सगळं तात्पुरतंच वाटतंय. माझी सोय म्हणजे पाहुण्याची सोय. कितीतरी वर्षांनी कळलं, की आपण नसताना माझं काय होईल हे त्याने एकट्याने बसून, पेन्सिल घेऊन, मोजून काढलं होतं. आपण मेल्यानंतरचं माप घेणं सोपं नसतं गं."

"मग एप्रिलमध्येच का नाही सांगितलंत मला? किंमत तरी उतरवली नसती."

त्या गॅरेजच्या दाराशी गेल्या, बाहेर बघत म्हणाल्या, "ज्या दिवशी या पेट्या खाली जातील त्या दिवशी मला स्वयंपाकघर उरणार नाही. मला वाटलं, कुणीतरी भेटेल तसाच घेणारं. नाही भेटलं. लाव फोन रॉजला."

रॉज झाउदेमा म्हणजे कारखान्यात गेरिटच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा. वय ब्याऐंशी, कानाला यंत्र, हात अजून दगडासारखे. पुढच्या शनिवारी तो चर्चमधल्या दोन दणकट माणसांना आणि गाडीचे चार जॅक घेऊन आला.

"नीट बसेल ना हो सगळं? बेचाळीस वर्षं झाली," मी काळजीने विचारलं.

"गेरिटने केलंय ना? मग मला फक्त उचलायचंय," रॉज म्हणाला. "आणि तू फक्त बाजूला व्हायचंस."

त्यांनी एकेक कपाट अर्धा-अर्धा इंच करत उचललं. रॉजने स्वतः जमिनीवर पालथं पडून पहिली पेटी आत ढकलली. ती सरकली आणि 'ठक्' असा एकच आवाज आला. रॉज तसाच पडून राहिला. मला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं.

"रॉज! बरं वाटतंय ना?"

"इकडे ये," तो म्हणाला. "खाली बस. बघ."

मी बसले. कपाटाच्या दारावरची लाकडाची नक्षी, मेपलच्या त्या बारीक तपकिरी रेषा, दारावरून खाली येत होत्या आणि खालच्या नव्या खणावर तशाच पुढे चालू राहत होत्या. एकही रेष तुटली नव्हती. एकाच फळीतून त्याने दार कापलं होतं आणि त्याच फळीचा खालचा तुकडा बेचाळीस वर्षं घोंगडीत गुंडाळून ठेवला होता. रंगात किंचित फरक होता तेवढाच. वरच्या भागाने ऊन पाहिलं होतं, खालच्याने नाही.

"हरामखोर," रॉज डोळे पुसत म्हणाला. "चाळीस वर्षं शेजारी उभा राहून काम केलं आणि मला अक्षर बोलला नाही."

दुपारपर्यंत सातही पेट्या बसल्या. फटीत पत्ता सरकणार नाही असं काम. भिंतीवरची कपाटं वरच्या पट्टीवर गेली. पाईपचा वळसा सरळ झाला आणि नळाला पाणी आलं. मग तांते हेनी आत आल्या. ओटा त्यांच्या खांद्याला लागत होता. त्यांनी हात वर करून त्याच्या कडेवर ठेवला, काठ चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, आणि म्हणाल्या, "सुंदर झालंय. माझ्या कामाचं नाही, पण सुंदर झालंय."

मी त्यांना पायऱ्यांचं एक चांगलं रुंद स्टूल आणून दिलं. त्यांनी ते परत केलं. "चौऱ्याहत्तर साली खोक्यावरून उतरले ती उतरले. आता पुन्हा चढणार नाही." बैठकीतल्या बुटक्या टेबलावर त्यांनी विजेची एक शेगडी मांडली आणि पुढचे पाच आठवडे तिथे मटारचं सूप, अंडी, बटाटे असं सगळं शिजवलं. रॉज दर मंगळवारी जेवायला यायचा आणि सोफ्यावर अवघडून बसत म्हणायचा, "हेनी, हे हॉटेल काही बरं नाही." त्या म्हणायच्या, "म्हणूनच तर तुला फुकट आहे." त्या बाईंनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी मात्र त्या घरात गेले की शेगडीकडे बघायचं टाळायची.

ऑगस्टच्या सुरुवातीला ओडिलिया चावेस आली. ग्वाटेमालातून लहानपणीच आईवडिलांबरोबर इथे आलेली, आता इस्पितळात परिचारिका. नवरा बेर्नाबे शहराची बस चालवतो. ती स्वयंपाकघरात शिरली ती थेट कपाटांपाशी गेली. दारांवरून बोट फिरवत खाली खणांपर्यंत गेली, मग मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "बघ, ही रेष कुठेच तुटत नाही."

इतक्या महिन्यांत गिऱ्हाइकाच्या तोंडून त्या स्वयंपाकघराचं कौतुक पहिल्यांदाच ऐकत होते. मी तिला सगळी हकीकत सांगितली, गेरिटपासून गॅरेजपर्यंत. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने खिडकीखालच्या ओट्यावर तळहात ठेवला. तिची स्वतःची उंची पाच फूटही नसेल.

"एक विचारू? हा एवढा भाग परत खाली घेता येईल?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "खाली?"

"आम्ही चौघी बहिणी डिसेंबरात तमाल करतो. दोनशे-अडीचशे. पीठ थापायचं, सारण भरायचं, पानात गुंडाळायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ते काय उभं राहून करायचं काम आहे? आतापर्यंत जमिनीवर चटई टाकून बसतो, उठताना एकीला दुसरी ओढते. इथे खुर्च्या टाकून बसता येईल, खिडकीतून रस्ता दिसेल."

"उंच ओटाच लोकांना लागतो म्हणून आत्ता तर..." एवढंच मी म्हणाले आणि मला हसू आवरेना. बेर्नाबेला वाटलं, बायकोचं काहीतरी चुकलं. "राहू दे गं," तो तिला म्हणाला, "घर मिळतंय ते बघ." "तू गप्प बस," ती म्हणाली, "तू फक्त खातोस."

मी बाहेर येऊन तांते हेनींना फोन लावला. त्या शेजारणीकडे होत्या. ऐकून घेतलं आणि मग पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"तांते?"

"खिडकीकडची पेटी ना? चारच स्क्रू आहेत तिला. पाठीमागच्या दोनांपर्यंत हात पोचत नाही, खण काढून आतून सोडायचे. आणि घर तिलाच दे. दुसऱ्या कुणाचा भाव मला सांगूसुद्धा नकोस."

सप्टेंबरात घर चावेस कुटुंबाच्या नावावर झालं. किल्ल्या द्यायच्या दिवशी रॉज पुन्हा जॅक घेऊन आला आणि त्याने खिडकीखालचं कपाट उतरवलं. ओडिलिया पेटीला घोंगडी गुंडाळायला लागली तर तांते हेनींनी तिच्या हातून घोंगडी घेतली आणि घडी कशी घालायची ते दाखवलं. मग त्या उतरवलेल्या ओट्याशी जाऊन दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. पाचेक मिनिटांनी त्यांनी पर्स उचलली, ओडिलियाला म्हणाल्या, "सिंकखालच्या दारावर पॉलिश गेलंय दोन ठिकाणी. त्याला हात लावू नकोस, बाकी घर तुझं," आणि मार्शाच्या गाडीत जाऊन बसल्या.

तिथे त्यांना करमलं. मार्शाच्या नवऱ्याने ओटा खाली घेऊ का म्हणून विचारलं, तर "मी आता जेवायला आले आहे, रांधायला नाही," म्हणाल्या. पण डिसेंबरात ओडिलियाचा मला फोन आला: डोन्या हेनींना घेऊन याल का? डोन्या म्हणजे त्यांच्यात मानाने मारलेली हाक. मी हॉलंडला जाऊन त्यांना घेऊन आले. रस्ताभर बर्फ पडत होता आणि त्या मला गाडी हळू चालवते म्हणून बोलत होत्या.

स्वयंपाकघर वाफेने भरलेलं. खिडकीखाली चार बहिणी चार खुर्च्यांवर, गुडघ्यांवर टॉवेल, कोपरापर्यंत पीठ. तांते हेनींनी कोट काढला, बाह्या सारल्या, ओट्याच्या मोकळ्या टोकाशी उभ्या राहिल्या आणि समोर आलेलं पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"डोन्या हेनी, तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे," ओडिलिया म्हणाली.

"मला कशाला? मी उभीच बरी."

"पीठ पातळ थापा हं. जाड झालं तर आत कच्चं राहतं."

"पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी या ओट्यावर पीठ लाटतेय," तांते हेनी म्हणाल्या आणि पहिलाच तमाल इतका जाड थापला, की चौघी बहिणी एकदम हसायला लागल्या.